खुब्याचं ऑपरेशन आणि नवरा-बायकोतलं जवळपण

खुब्याचा सांधा बदलून घरी निघालेल्या बाईला दवाखान्यातून बऱ्याच सूचना मिळतात. टाके कधी काढायचे, रक्त पातळ करायची गोळी किती दिवस घ्यायची, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, कमोडच वापरायचा. घरची माणसंही निघता निघता विचारून घेतात. जिना कधी चढू द्यायचा, शेतात कधीपासून जाता येईल, तुळजापूरला देवीच्या पायऱ्या उतरणं जमेल का, येळवसेला रानात पंगतीत बसता येईल का. नवऱ्याजवळ कधी जाता येईल हे मात्र कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मराठवाड्यातच काम करते. माझ्याकडे हा प्रश्न येतो तो सासू किंवा मुलगा खोलीबाहेर गेला की, आणि तोही अर्धाच. “मॅडम, मालक विचारू लागलेत...” एवढं म्हणून बाई थांबते. कुणी म्हणते, “माय, सगळं विचारलं डॉक्टरला, तेवढंच राहिलं बघा.” पन्नाशीतली बाई असेल तर आधी खाली बघते, या वयात असा प्रश्न पडणं हाच गुन्हा असल्यासारखी. म्हणून सरळच लिहिते आहे. बहुतेक बायकांना खुबा बदलल्यानंतर शरीरसंबंध ठेवता येतात. बऱ्याच जणींना ते आधीपेक्षा सोपे जातात, कारण दुखणं गेलेलं असतं. त्यासाठी काही आठवडे थांबावं लागतं आणि पायाच्या काही हालचाली टाळाव्या लागतात. हे कळलं नाही तर मात्र सांधा उत्तम बसूनही दोघं एकमेकांपासून लांबच राहतात, आणि असे संसार मी पाहते आहे.

दुखणं सुरू होतं तेव्हापासून

मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं. आपल्याकडे त्याला गोळा म्हणतात. तो कमरेच्या हाडातल्या वाटीसारख्या खळग्यात बसतो. दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, त्यामुळे पाय पुढे, मागे, बाजूला, आत, बाहेर असा कुठेही फिरतो. ही कूर्चा गेली की धान्य न घालता जातं फिरवावं तशी गत होते, हाडावर हाड घासतं.

हे फक्त म्हातारपणाचं दुखणं आहे असा समज आहे, तो खरा नाही. आपल्याकडे तिशी-चाळिशीतल्या बायकाही या ऑपरेशनला येतात. कुणाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो सुकलेला असतो. स्टेरॉइडची औषधं जास्त दिवस घेतल्याने असं होऊ शकतं, आणि कधी कारण सापडतच नाही. कुणाला आमवात असतो. कुणाचा खुबा जन्मापासूनच नीट बसलेला नसतो. हा जन्मजात दोष मुलींमध्ये मुलांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि लहानपणी लक्षात आला नाही तर ऐन संसाराच्या वयात त्रास द्यायला लागतो. पडून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या बायका वेगळ्याच.

सांधा खराब होताना पाय आधी आत वळायचा बंद होतो. मग मांडी बाजूला करणं अवघड होतं. चप्पल घालणं, पायाची नखं काढणं, पाळीच्या दिवसांत स्वच्छता ठेवणं, सगळं अडायला लागतं. इथेच बाईचा आणि पुरुषाचा रस्ता वेगळा होतो. संबंधाच्या नेहमीच्या पद्धतीत बाईला मांड्या फाकवाव्या लागतात, पाय बाहेर वळवावे लागतात आणि खुबा बराच वाकवावा लागतो, म्हणजे आजारी सांध्याला न जमणारंच सगळं. पुरुषाच्या खुब्याला त्या मानाने कमी वळावं लागतं. सांध्याचं दुखणं दोघांचं सारखं असलं तरी अंथरुणात त्याची जास्त किंमत बाई मोजते.

१९७० साली ब्रिटनमध्ये खुब्याच्या झिजेच्या रुग्णांना याबद्दल विचारलं गेलं. सुमारे दोन तृतीयांश जणांनी खुब्यामुळे लैंगिक जीवनात अडचण येते असं सांगितलं, आणि कारणं मुख्यतः दोनच होती, दुखणं आणि आखडलेपणा. इच्छाच उरली नाही असं सांगणारे थोडे होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण घरात याचा अर्थ नेमका उलटा लावला जातो. बाई “नको” म्हणते, नवऱ्याला वाटतं हिचं मन उडालं. ती लेकरांजवळ किंवा सासूजवळ अंथरूण टाकायला लागते. तो चिडतो, मग गप्प होतो. चार-पाच वर्षं अशी जातात आणि या सगळ्याच्या मुळाशी एक झिजलेला सांधा आहे हे दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात येत नाही.

ध्यानात न येण्याला आणखी एक कारण आहे. खुब्याचं दुखणं बऱ्याचदा जांघेत जाणवतं, कधी मांडीत, कधी चक्क गुडघ्यात. जांघेत कळ येते म्हटल्यावर बाई हाडाच्या डॉक्टरकडे जात नाही. ती पिशवीचं काहीतरी असेल म्हणून बायकांच्या डॉक्टरकडे जाते. खाली बसता-उठताना आणि पाय वळवताना जांघ दुखत असेल, मोजे-चप्पल घालायला त्रास होत असेल, लंगडत चालावं लागत असेल तर एकदा खुब्याचा एक्स-रे काढून घ्यायला हवा.

ऑपरेशनात काय होतं आणि भीती कशाची असते

आज होतं तशा पद्धतीचं खुबा बदलण्याचं ऑपरेशन जॉन चार्नली या इंग्लिश सर्जनने नोव्हेंबर १९६२ मध्ये रायटिंग्टन इथल्या रुग्णालयात केलं. धातूचा छोटा गोळा आणि प्लास्टिकची वाटी अशी त्यांची जोडी होती. आता गोळा सिरॅमिकचाही मिळतो आणि प्लास्टिक पूर्वीपेक्षा टिकाऊ झालं आहे, पण कल्पना तीच आहे. झिजलेला गोळा कापून काढायचा, मांडीच्या हाडात दांडा बसवायचा, त्याच्यावर नवा गोळा आणि कमरेच्या हाडात नवी वाटी. मोडलेल्या खुब्यात कधी कधी फक्त गोळा बदलतात, वाटी जुनीच ठेवतात. त्यालाही पुढे सांगते ते नियम लागू होतात. स्क्रू-पट्टी टाकून हाड जोडलं असेल तर प्रश्न हाड जुळण्याचा असतो, त्याचा हिशोब डॉक्टर एक्स-रे बघून सांगतात.

सांध्यापर्यंत पोचायला सर्जनला स्नायू बाजूला करावे लागतात किंवा कापून परत शिवावे लागतात. सांध्याभोवतीचं आवरणही उघडावं लागतं. हे सगळं भरून येईपर्यंत नवा गोळा वाटीतून निसटू शकतो. यालाच सांधा निखळणं म्हणतात. हे थोड्याच जणींच्या वाट्याला येतं, पण झालंच तर बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत होतं. म्हणून ते तीन महिने जपायचे.

छेद मागून, म्हणजे कुल्ल्याच्या बाजूने घेतला असेल तर धोका तीन हालचालींत असतो. खुबा काटकोनाच्या पुढे वाकवणं, पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे आत नेणं आणि पाय आत वळवणं. साध्या खुर्चीत ताठ बसल्यावर पोट आणि मांडी यांच्यात होतो तो काटकोन, त्याहून जास्त वाकायचं नाही. तिन्ही हालचाली एकत्र झाल्या तर सगळ्यात वाईट. छेद पुढून असेल तर धोका उलट्या दिशेला असतो. पाय मागे ताणणं आणि बाहेर वळवणं जपून करावं लागतं. आपल्याकडे मागून छेद घेण्याची पद्धत बरीच रूढ आहे, पण गृहीत धरू नका. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारायचा, “माझा छेद पुढून आहे का मागून?” शेजारणीला जे चाललं ते तुम्हाला चालेल असं नाही, ते याच कारणाने.

किती दिवसांनी

बहुतेक सर्जन सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान परवानगी देतात. २००४ साली अमेरिकेतल्या सांधेबदल करणाऱ्या सर्जनांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८० टक्क्यांनी सांगितलं की आम्ही रुग्णांशी हा विषय क्वचित बोलतो किंवा बोलतच नाही. त्यामुळे आपलेच डॉक्टर संकोचतात असं समजायचं कारण नाही. हे मौन सगळीकडचं आहे. त्याच पाहणीत दोन तृतीयांश सर्जनांनी एक ते तीन महिन्यांनी हरकत नाही असं मत दिलं होतं.

पण कॅलेंडरवर सहा आठवडे भरले म्हणजे शरीर तयार झालं असं नसतं. जखम पूर्ण कोरडी आणि बंद हवी. अंथरुणात आपलं आपण कुशीवर वळता यायला हवं. रोजच्या हालचालींना तीव्र वेदनाशामक गोळी लागत नसावी. चालताना त्या पायावर नीट भार देता यायला हवा. आणि बाईला स्वतःला वाटायला हवं. ऑपरेशनात रक्त जातं, आणि आपल्या भागातल्या अनेक बायकांचं रक्त मुळातच कमी असतं. दोन-अडीच महिने अंगात त्राण नसणं, रात्री झोप न लागणं, कशातच मन न लागणं हे होऊ शकतं. रक्ताची तपासणी करून गोळ्या सुरू केल्या तर फरक पडतो. मन बराच काळ उदास राहिलं तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच दुखणं आहे.

कसं

इथे आडपडदा ठेवला तर लेख लिहून उपयोग नाही.

सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात बिनधोक म्हणजे बाईने पाठीवर झोपणं. गुडघे थोडेच वाकवायचे, ऑपरेशनच्या मांडीला बाहेरच्या बाजूने घट्ट उशीचा टेकू द्यायचा, म्हणजे पाय आपोआप पडून ताण येत नाही. नवऱ्याने आपलं वजन हातांवर आणि कोपरांवर घ्यायचं, त्या मांडीवर नाही. गुडघे छातीकडे ओढणं किंवा पाय वर उचलून धरणं टाळायचं. छेद पुढून असेल तर कमरेखाली उशी घालून कंबर उचलायची नाही, कारण त्याने खुबा मागे ताणला जातो, आणि त्या पायाची मांडी फार बाहेरही वळवायची नाही.

दुसरी पद्धत कुशीवरची. चांगल्या बाजूवर झोपायचं, ऑपरेशनचा पाय वर, दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी, नवरा पाठीमागे. ही उशी विसरायची नाही. ती नसेल तर वरचा पाय पुढे घसरून आत वळतो, आणि मागून छेद असलेल्या बाईला नेमकी हीच हालचाल नको असते. गुडघे पोटाकडे दुमडून घ्यायचे नाहीत. बऱ्याच जणींना ही पद्धत जास्त आरामाची वाटते, कारण अंगावर भार येत नाही.

गुडघ्यांवर ओणवं होणं किंवा बाईने वर बसणं यात खुबा खूप वाकतो आणि झटक्यात वळूही शकतो. पहिले तीन महिने हे नकोच. नंतरही तुमच्या सर्जनना विचारून. जिनेव्हात झालेल्या एका अभ्यासात, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, वेगवेगळ्या स्थितींत सांधा किती वळतो हे यंत्रांनी मोजलं होतं. स्त्रियांच्या खुब्याला पुरुषांपेक्षा जास्त हालचाल करावी लागते आणि काही स्थितींत कृत्रिम सांध्याचे भाग एकमेकांवर आपटू शकतात असं त्यात दिसलं. म्हणजे ज्याचं ऑपरेशन झालं आहे तो पुरुष असेल तर सूचना सैल असतात, बाई असेल तर जास्त काळजीच्या. नवऱ्याच्या मित्राचा अनुभव बायकोला लागू होत नाही.

अंथरुणाचंही बघा. खाली वाकळ टाकून झोपण्याची सवय असेल तर ती काही महिने सोडावी लागते, कारण जमिनीवरून उठताना खुबा काटकोनाच्या पुढे जातो. बाजही उपयोगाची नाही. ती मध्ये खोलगट होते, कंबर खाली जाते आणि गुडघे वर येतात. लाकडी पलंग किंवा दिवाण, वर घट्ट गादी, आणि उंची अशी की काठावर बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील.

एवढं सगळं सांभाळताना संबंध म्हणजे एकच गोष्ट, असं मानायची गरज नाही. पाठ चोळून देणं, जवळ पडून बोलणं, हात धरणं, कुरवाळणं याला सहा आठवडे थांबायचं कारण नाही. पहिल्या दिवसापासून ते चालतं. वर्षानुवर्षं लांब झोपलेल्या जोडप्याने इथूनच सुरुवात करावी असं मी सांगते.

कोरडेपणा, आणि पिशवी काढलेल्या बायका

ऑपरेशननंतर संबंधाच्या वेळी दुखलं की बाई घाबरते, सांध्याला काही झालं का म्हणून. अनेकदा ते दुखणं सांध्याचं नसतंच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्ग कोरडा आणि नाजूक होतो, आग होते. खुब्याची ऑपरेशनं ज्या वयात जास्त होतात त्याच वयात हेही होतं.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक महिला ऊसतोड कामगारांची माहिती घेतली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यातल्या कितीतरी बायका तरुण होत्या. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर त्या दिवसापासून इस्ट्रोजेन जातं. अंडाशयं ठेवली तरी ती काही वर्षं आधीच थकू शकतात. इस्ट्रोजेन गेलं की दोन गोष्टी होतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात आणि योनीमार्ग कोरडा पडतो. म्हणजे मोळ्या वाहून झालेल्या, पिशवी काढलेल्या बाईचा खुबा मोडण्याचा धोकाही वाढतो आणि खुबा बसवल्यानंतर संबंधात दुखण्याचा त्रासही तिलाच होतो. मला याची फार चीड येते. तिच्या शरीरावर एकामागून एक निर्णय झाले आणि प्रत्येक वेळी तिला सगळ्यात कमी सांगितलं गेलं.

उपाय साधे आहेत. औषधाच्या दुकानात पाण्याच्या आधारावरची जेली मिळते, ती वापरायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. खोबरेल तेल अनेक जणी वापरतात, पण निरोध वापरत असाल तर तेल नको, त्याने रबर फाटतं. कोरडेपणा फार असेल तर आत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं, ते मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच. पिशवी काढलेली असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व याबद्दल जरूर विचारा, दुसरा खुबा वाचवायचा आहे.

नवऱ्यांना

माझा अनुभव असा की घाई करणाऱ्या नवऱ्यांपेक्षा घाबरलेले नवरे जास्त असतात. हात लावला आणि गोळा निखळला तर? एवढा खर्च करून बसवलाय. म्हणून ते लांब राहतात, आणि बाई समजते की आपल्या पायावरच्या वणामुळे, आपल्या लंगडण्यामुळे आता आपण नकोशा झालो. दोघंही प्रेमापोटीच वागत असतात आणि दोघांनाही उलटंच कळतं. हे एका वाक्याने सुटू शकतं, “मला भीती वाटते, तुला दुखेल का?” एवढं नवऱ्याने विचारावं. सहा आठवड्यांच्या तपासणीला त्याने सोबत यावं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं.

दुसरं असं की त्या काळात नवरा काळजीवाहू झालेला असतो. आंघोळीला पाणी देणं, कमोडपर्यंत नेणं, पायात चप्पल अडकवणं. सतत रुग्ण म्हणून पाहिलेल्या माणसाकडे पुन्हा बायको म्हणून पाहायला वेळ लागतो, आणि तिलाही लागतो. शक्य असेल तिथे आंघोळ-शौचाची मदत मुलगी, बहीण किंवा जाऊ करत असेल तर बरं. नसेल तर निदान त्या कामांची घाई आणि वैताग रात्रीपर्यंत येऊ देऊ नये.

आणि जे घाई करतात त्यांच्यासाठी. डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणजे बायकोने दिली असं होत नाही. ती दुखतंय म्हणाली की थांबायचं, नको म्हणाली की थांबायचं. जबरदस्ती होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात लैंगिक छळही धरला आहे, नवऱ्याकडून झालेला असला तरी. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलता येतं.

घरातल्या बाकीच्यांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. ऑपरेशननंतर बाईचा पलंग बैठकीच्या खोलीत किंवा ओसरीत टाकतात. संडास जवळ, भेटायला येणाऱ्यांची सोय. पहिल्या काही आठवड्यांसाठी ते ठीक. पण तो पलंग तिथेच राहून जातो. सहा महिने, वर्ष. येणारा-जाणारा बघतो, नातवंडं खेळतात, नवरा माडीवर झोपतो. बाई काही म्हणू शकत नाही, कारण म्हणायचं काय? जिना चढायला लागली की पलंग तिच्या खोलीत परत न्या. सुनेने किंवा लेकीने आपणहून न्यावा, तिला विचारायला लावू नये. वय साठ असलं तरी.

ताबडतोब दवाखाना

अचानक जोराची कळ आली, पाय आखूड दिसायला लागला किंवा आत-बाहेर वळून तसाच राहिला आणि त्यावर उभं राहता येईना, तर सांधा निखळला असण्याची शक्यता आहे. संबंधाच्या वेळी झालं असेल तर लाजेपोटी रात्र काढायची नाही. पाय ओढायचा नाही, चोळायचा नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही. जशी आहे तशी झोपवून ऑपरेशन झालेल्या ठिकाणी किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात, १०८ ला फोन करून. बहुतेक वेळा भूल देऊन न चिरता सांधा परत बसवता येतो, उशीर केला तर अवघड होतं.

पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, वणातून पू किंवा ताप हीही थांबू नये अशी लक्षणं. लघवीला जळजळ किंवा अंगावरून दुर्गंधीचं पांढरं जाणं असेल तर तेही अंगावर काढू नका. शरीरातला जंतुसंसर्ग रक्तातून कृत्रिम सांध्यापर्यंत पोचू शकतो.

लेकरू हवं असेल, किंवा नको असेल

तरुण मुलींचे आई-बाप मला विचारतात, हिचं लग्न होईल का, लेकरू होईल का. काही जण ऑपरेशनची गोष्टच लपवून लग्न ठरवतात. लपवू नका. पहिल्याच रात्री मुलीला वण आणि भीती दोन्ही झाकत बसावं लागतं, आणि काळजी घ्यायची ती राहून जाते. होणाऱ्या जावयाला सांगण्यासारखं बरंच चांगलं आहे. खुबा बदलल्याने गर्भ राहण्यात अडथळा येत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. म्हणजे तिशीत बसवलेला सांधा पुढे कधीतरी पुन्हा बदलावा लागू शकतो, हे माहीत असावं, पण तोवर संसार उभा राहतो.

ज्यांना पाळणा लांबवायचा आहे त्यांनी ऑपरेशनआधीच सांगावं की आपण गोळ्या घेतो. माला-डीसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, आणि त्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर तो धोका मुळातच जास्त असतो, म्हणून साधारण चार आठवडे आधी त्या बंद करायला सांगतात. त्या काळात निरोध वापरायचा. मनाने गोळी बंद करून काहीच न वापरणं हे मात्र नको, ऑपरेशनच्या तोंडावर दिवस गेले तर सगळंच अवघड होऊन बसतं. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी पाळीत जास्त जाऊ शकतं, तसं झालं तर कळवायचं.

तांबी बसवून घ्यायला किंवा कुठल्याही आतल्या तपासणीला गेलात की टेबलावर चढण्याआधी सांगायचं, “माझा उजवा खुबा बदललेला आहे,” किंवा डावा, जो असेल तो. त्या टेबलावर पाय वर अडकवून फाकवतात, म्हणजे खुबा एकदम खूप वाकतो. पाय आधाराने हळू वाकवून किंवा कुशीवर झोपवूनही तपासणी करता येते, पण सिस्टरला माहीत असेल तरच.

बाळंतपणाचंही तसंच आहे. केवळ खुबा बदलला म्हणून सिझर करावंच लागतं असं नाही, नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायका आहेत. शेवटच्या महिन्यांत वजन वाढल्याने त्या खुब्यात दुखू शकतं, तेव्हा काठी वापरायला लाजायचं नाही. नाव नोंदवतानाच ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे दाखवून ठेवायचे, आशाताईलाही सांगून ठेवायचं. प्रसूतीच्या खोलीत कळांच्या भरात बाईला बोलायचं भान राहत नाही आणि कंबरेतून सुई दिली असेल तर पाय किती ओढला जातोय हेही तिला कळत नाही. म्हणून कोणता पाय आणि तो किती वाकवायचा हे सोबत असणाऱ्या बाईला पाठ हवं.